शपथपत्राचे दोन वाचक : नमुना २६ चे एक परीक्षण

निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या उमेदवाराने भरावयाचा नमुना २६ हा सामान्यतः विधिज्ञांच्या अभ्यासाचा विषय मानला जातो. परंतु ती एक लिखित संहिताही आहे आणि कोणत्याही संहितेस विचारावयाचा प्रश्न तिलाही विचारता येतो : हे कोणासाठी लिहिले आहे? प्रस्तुत टिपणात या प्रश्नाच्या अनुरोधाने तिची परीक्षा करावयाची आहे.

उमेदवारावरील खटले, त्याची मालमत्ता, दायित्वे व शिक्षण जाणण्याचा मतदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी मान्य केला. त्यास मुरड घालण्यासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात घातलेले कलम ३३ब १३ मार्च २००३ रोजी रद्दबातल ठरले. २०१८ साली उत्पन्नाचे स्रोत उघड करणेही न्यायालयाने आवश्यक ठरविले. हा सारा क्रम आम्हांस इष्टच वाटतो. आमचा आक्षेप निराळा आहे.

भाषाविचारात निर्देश आणि विधान असा भेद करतात. वस्तूकडे बोट दाखविणे हा निर्देश. तिच्याविषयी काही सांगणे हे विधान. गेल्या पाच वर्षांचे उत्पन्न, कर्जे, प्रलंबित खटले ही नमुना २६ मधील विधाने होत. पॅन क्रमांक, दूरध्वनी, ई-मेल, संपूर्ण टपाल पत्ता हे निर्देश होत. मतदार आपले मत बनवितो ते विधानांवरून. पॅन क्रमांक वाचून कोणाचे मत बदलल्याचे ऐकिवात नाही. त्याचा खरा वाचक प्राप्तिकर अधिकारी होय, आणि पडताळणीसाठी त्याला तो हवाच. दोष असा की, दोन भिन्न वाचकांसाठीचा मजकूर एकाच कागदावर येतो आणि तो कागद जसाच्या तसा प्रसिद्ध होतो. कचेरीच्या फलकावर लागलेला कागद वाचण्यास मनुष्याला तेथवर जावे लागे. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून तो आज कोठूनही, कोणासही, कोणत्याही हेतूने उतरवून घेता येतो. पती वा पत्नी व अवलंबित यांच्या मालमत्तेचे आकडे आवश्यकच आहेत, नाही तर संपत्ती नातलगांच्या नावे सरकवता येईल. पण ज्यांनी कोणाकडे मत मागितले नाही, त्यांचे पॅन क्रमांकही चव्हाट्यावर का यावेत?

तथापि ‘विधाने दाखवा, निर्देश झाका’ असा सरळ नियम केल्यास तो टिकणार नाही. जमिनीचा गट क्रमांक हा निर्देशच. पण तो असल्यामुळेच गावातील माणूस म्हणू शकतो की शेजारची जमीन सांगायची राहिली. निवडणूक रोख्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ही योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरली. मार्चमध्ये प्रथम खरेदीदार आणि पक्ष यांच्या दोन स्वतंत्र याद्या प्रसिद्ध झाल्या. कोणी कोणास दिले हे त्यांतून कळेना. पुढे न्यायालयाच्या आदेशाने रोख्यांवरील क्रमांक बाहेर आले, तेव्हा जोड जुळली. येथे क्रमांक हाच पुरावा होता. त्याच वेळी भारतीय स्टेट बँकेने पूर्ण खाते क्रमांक सुरक्षिततेच्या कारणास्तव दिले नाहीत. पक्षांच्या खात्यांचे शेवटचे चार अंक तेवढे दिले, आणि तेवढ्याने मतदाराचे काही अडले नाही.

यावरून कसोटी सुधारून मांडता येते : जो निर्देश दोन विधानांना जोडतो तो प्रसिद्ध व्हावा, जो केवळ माणसाच्या दारापर्यंत वा खात्यापर्यंत नेतो तो अधिकाऱ्यापाशी राहावा.

९ एप्रिल २०२४ रोजी अरुणाचल प्रदेशातील तेझू मतदारसंघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारासही खाजगीपणाचा हक्क आहे असे म्हटले, हे स्वागतार्ह आहे. परंतु तेथे प्रश्न होता तीन वाहनांचा उल्लेख गाळल्याचा. उमेदवाराने काय सांगावे याचा विचार झाला. सांगितलेले कोणास किती दिसावे, हा प्रश्न त्या प्रकरणात नव्हता. लपविणे आणि झाकणे यांत मराठी बोलणारा जो भेद करतो, तो येथे उपयोगी पडावा. लपविणारा अधिकाऱ्यालाही सांगत नाही. झाकणारा सांगतो, पण परक्याच्या नजरेपासून राखतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाकडूनही आशा नाही, कारण कायद्याच्या बंधनामुळे सार्वजनिक झालेली माहिती त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. जे एकदा प्रसिद्ध झाले त्यास पुढे संरक्षण नाही. म्हणून विवेक प्रसिद्धीपूर्वीच करावयास हवा.

उपाय अवघड नाही. संपूर्ण शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे असावे. प्रसिद्ध प्रतीत सर्व विधाने व गट क्रमांक राहावेत, पॅन व खाते क्रमांकांचे शेवटचे चार अंक राहावेत आणि राहत्या घराचा पत्ता गाव वा प्रभागापर्यंतच असावा. असे न केल्यास धोका केवळ उमेदवारालाच नाही. ज्याच्या घरी धमकी येण्याची शक्यता अधिक, तो एकाकी किंवा दुर्बळ मनुष्य अर्ज भरण्यापूर्वीच मागे फिरेल. संरक्षक बाळगणाऱ्यास पत्ता उघड झाल्याचे भय नसते. मतदाराच्या हक्कासाठी निर्माण झालेल्या नमुन्याने मतदारापुढील निवडच अशी आकुंचित करू नये.