न घेणाऱ्याची जागा

आषाढात पन्हाळ्यावर पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. समोरची तटबंदी धुक्यात नाहीशी होते, छत्री उलटते आणि माणूस दिसेल त्या झुणका-भाकरीच्या टपरीत शिरतो. त्याने अजून काही मागितलेले नसते. तरी चुलीपुढची मावशी बाकड्यावरची परात उचलते आणि म्हणते, ‘‘आत या की, भिजतायसा कशाला?’’ चार बांबू, प्लॅस्टिकचा कागद आणि एक बाकडे एवढ्यावर उभ्या असलेल्या या टपरीला कुणी वास्तू म्हणणार नाही. पण बाजाराच्या रचनेला विचारायचा पहिला प्रश्न तिने सोडवलेला आहे: जो काही विकत घेत नाही, त्याला इथे जागा आहे का? आपल्याकडची नवी व्यापारी संकुले या प्रश्नाला काय उत्तर देतात, ते पाहावेसे वाटते.

बंदिस्त मॉलचा जनक मानला जाणारा व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा वास्तुरचनाकार. 1956 साली त्याने अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ‘साउथडेल’ उभारले. कडाक्याच्या थंडीत लोकांना फिरायला, भेटायला छपराखालचा चौक मिळावा, हा त्याचा हेतू. पुढे दुकाने राहिली, भोवती गाड्यांचे तळ वाढले आणि चौकाची कल्पना मागे पडली. शेवटी ग्रुएननेच या मॉल्सशी नाते नाकारले. आपल्याकडे 1999 साली मुंबईत हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ उघडले. तिथे सुरुवातीला गर्दी आवरण्यासाठी मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशासाठी पैसे भरा, असा नियम होता. तो टिकला नाही, पण दारातच माणूस पारखायची वृत्ती इमारतींच्या रचनेत मुरली. रस्त्याकडे सलग भिंत, पायी येणाऱ्यासाठी अरुंद वाट आणि गाडीसाठी ऐसपैस उतार, हे चित्र मुंबई-पुण्यात नेहमीचे झाले.

तरीही मॉलला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल. दिवसभर खरेदीला आलेल्या बाईला स्वच्छ स्वच्छतागृह, म्हाताऱ्या माणसाला लिफ्ट, चाकाच्या खुर्चीला उतार आणि पोराला धक्का न लागता चालता येईल अशी वाट, या गोष्टी आपल्या जुन्या पेठांनी क्वचितच दिल्या. आता वस्तू घरपोच येऊ लागल्यावर मॉललाही माणसे जमवण्यासाठी खाणे, सिनेमा, मुलांचे खेळ आणि मोकळी अंगणे यांचा आधार घ्यावा लागतो आहे. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात उघड्या आभाळाखाली चालता येते, जुने धुरांडेही राखलेले आहे. गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले, हा गिरणगावाचा सल त्याने मिटत नाही. पण मोकळ्या वाटेशिवाय बाजार जगत नाही, हे मॉलवाल्यांनाही उमगले आहे.

हे आपल्या पेठांना आधीपासून ठाऊक होते. पुण्याच्या महात्मा फुले मंडईची 1886 सालची इमारत पाहा. मध्यभागी अष्टकोनी गाभा, त्यातून फुटलेले बाहू, वरती उंच छप्पर. चहूबाजूंनी माणूस आत येतो, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो, आणि भाजी न घेताही मंडई ओलांडता येते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी. गाडीतून ढेपा उतरवायच्या, तोलायच्या, सौदा करायचा, या कामांना मोकळी जागा लागते. पेठेचा आराखडा मालाच्या चालीवरून ठरतो. महाद्वार रोडच्या जुन्या दुकानांपुढचा ओटा आणि वळचण तर रस्ता आणि दुकान यांच्यामधली सलोख्याची जागा. तिथे पाऊस थांबेपर्यंत उभे राहता येते, ओळखीचे कुणी भेटते आणि मग एखादी वस्तूही घेतली जाते.

आजच्या महाराष्ट्राचे खरे शॉपिंग सेंटर मात्र मॉल नव्हे. ते आहे तालुक्याच्या गावातले व्यापारी संकुल. रस्त्याला शटरची रांग, मागे अंधारा जिना, वर रिकामे गाळे, खाली पावसाळ्यात पाणी भरणारे तळघर. हा दोष एकट्या वास्तुरचनाकाराचा नाही. गाळा लिलावात जातो, डिपॉझिट गाळ्यामागे मिळते. त्यामुळे नकाशात गाळे मोजले जातात आणि पडवी, चौक, बाकडे ही वाया गेलेली जागा ठरते. मॉलचा मालक सहसा एकच असतो, म्हणून तो दिवे, सफाई, दुकानांची निवड सांभाळतो; संकुलात पन्नास गाळेधारक आणि सामाईक जिन्याचा वाली कुणीच नाही. दर्शनी भागाला काच आणि एसीपीचे (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलचे) पत्रे लावले की इमारत नवी दिसते. पण पश्चिमेच्या उन्हात ती काच तापते आणि दुकानदार आतून पुठ्ठे लावून बसतो.

हीच चूक पन्हाळ्यावर झाली तर परवडणार नाही. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. पर्यटक वाढतील आणि त्यांच्यामागे दुकानेही येतील. पण पन्हाळा हे तालुक्याचेही ठिकाण आहे; इथे लोक राहतात, कामाला येतात, पोटासाठी धंदा करतात. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि पुढच्या 200 मीटरपर्यंत परवानगीची अट असल्याने टपरीवाल्याच्या मनातली धास्ती समजण्यासारखी आहे. डोंगराची सोसण्याची ताकदही मर्यादित आहे. 2021 च्या पावसात गडावर येणारा रस्ता खचला, हे विसरून इथे तळघरे खोदता येणार नाहीत.

धडा गडावरच आहे. अंबरखान्याच्या, म्हणजे धान्यकोठाराच्या, गंगा कोठीत सोळा खण आहेत, प्रत्येकाला वेगळे छत, छताला धान्य ओतायचे छिद्र आणि वर चढायला बाहेरून पायऱ्या. जाड भिंतींनी ओल आणि ऊन दोन्ही रोखले. धान्य कुठून येते, कुठे साठते, माणूस कुठून चढतो, एवढ्याच विचारातून ही देखणी वास्तू उभी राहिली. तिची नक्कल करून सिमेंटचे बुरूज आणि कमानी लावणे हा तिचा अपमान होईल. गडावरच्या नव्या बाजारासाठी घ्यायची आहे ती तिची विचार करण्याची रीत: छोटे खण, जांभ्याच्या भिंती, उतरते छप्पर, आडव्या पावसाला पुरेल एवढी खोल पडवी, सामाईक स्वच्छतागृह, आणि आधीपासून धंदा करणाऱ्यांना पहिला हक्क.

अशा बाजाराची निविदा निघेल तेव्हा गाळ्यांच्या संख्येआधी एक आकडा मागावा: काहीही विकत न घेता किती माणसे इथे कोरडी उभी राहू शकतील? तहसीलच्या कामाला आलेला शेतकरी, सहलीची शाळकरी पोरे, एसटीची वाट पाहणारी म्हातारी, सगळी त्यात धरावीत. टपरीतली मावशी त्यांना आजही धरते आहे. तिच्यासाठी बांधायच्या इमारतीने तिच्याहून कमी जागा देऊ नये.