कोषातील गांधीलमाशी: दिसले किती, मानले किती?

अंथुर्णे परिसरातील विद्यार्थ्यांनी उसाच्या पानाला टाचलेले ट्रायकोकार्ड पाहिले असेल. त्यावरील पतंगाच्या अंड्यांतून ट्रायकोग्रामा ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशी बाहेर पडते आणि खोडकिडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. तिची अळी ते अंडे आतून खाऊन टाकते. खोडकीड जन्मतच नाही.

प्राचीन काळी हे असेच चालत होते, हे कसे ओळखायचे? जीवाश्मात गांधीलमाशी बहुधा एकटीच सापडते. ती परोपजीवी होती, हे आपण तिच्या आजच्या नातलगांवरून ठरवतो. म्हणून थॉमस फान डे कांप व सहकाऱ्यांचा 'नेचर कम्युनिकेशन्स'मधील 2018 सालचा शोधनिबंध आम्हाला महत्त्वाचा वाटतो. फ्रान्समधील केर्सी भागात 19व्या शतकात मिळालेले, दगड बनलेले माश्यांचे कोष संग्रहालयांत होते. ते पॅलिओजीन काळातील, म्हणजे 6.6 ते 2.3 कोटी वर्षांपूर्वीच्या कालखंडातील आहेत. असे 1,510 कोष न फोडता क्ष-किरणांनी तपासले गेले. 55 कोषांत परोपजीवी गांधीलमाश्या आढळल्या. त्यांतून चार नव्या जाती आणि झेनोमॉर्फिया व पॅलिऑर्टोना या दोन नव्या प्रजाती वर्णिल्या गेल्या.

यजमान आणि परोपजीवी एकाच दगडात दिसले, हे या कामाचे मोठे बळ. तरी वाचताना तीन गोष्टींचे भान हवे.

पहिली: 55 भागिले 1,510 म्हणजे सुमारे 3.6 टक्के, पण हे त्या काळातील परोपजीवनाचे प्रमाण नव्हे. अंडी किंवा कोवळ्या अळ्या दगडात ओळखू येणे कठीण. हा आकडा किमान समजावा.

दुसरी: गांधीलमाशी दिसली, प्रजाती दिसत नाही. शरीररचना ज्ञात प्रजातींशी ताडून अभ्यासक ती सीमा आखतात. उद्या नवे जीवाश्म मिळाले, तर सीमा सरकू शकते.

तिसरी: झेनोमॉर्फिया हे नाव चित्रपटातील परग्रहावरच्या राक्षसावरून घेतले आहे. मुलांच्या ते लक्षात राहील. मात्र अशा गांधीलमाश्या म्हणजे राक्षस, असा समज होऊ नये. उसात त्यांचीच बहीण शेतकऱ्याची मदतनीस आहे.

शिक्षकांनी फळ्यावर दोन रकाने आखावेत: 'दिसले' आणि 'मानले'. वरचे प्रत्येक विधान कुठे बसते, ते मुलांनाच ठरवू द्यावे. नव्या प्रजातीचे नाव पाठ करण्यापेक्षा हा धडा अधिक टिकेल.