डार्विनच्या पत्रसंग्रहांतील हिंदी कागद

चार्लस डार्विन याचा पत्रव्यवहार केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें इ. स. १९८५ पासून २०२३ पर्यंत तीस खंडांत छापून पुरा केला. पंधरा हजारांच्या आसपास पत्रें त्यांत आलीं आहेत. एवढा संग्रह एका लेखांत तपासणें अशक्य. म्हणून स्थालीपुलाकन्यायानें पांचवा व सहावा हे दोनच खंड, म्हणजे इ. स. १८५१ ते १८५७ या काळचे, आणि त्यांतहि हिंदुस्थानाशीं संबंध असलेले तेवढेच कागद आम्हीं परीक्षणास घेतले आहेत. प्राणिशास्त्राचा निवाडा आमच्या अधिकाराबाहेरचा आहे. हे कागद इतिहासाचें साधन म्हणून कितपत उतरतात, एवढाच प्रश्न येथें आहे.

इ. स. १८५५ च्या डिसेंबरांत डार्विननें एक टांचण केलें. माणसाळलेल्या कबुतरांचीं, कोंबड्यांचीं वगैरे कातडीं ज्या ज्या परदेशस्थ गृहस्थांकडून मागवावयाचीं, त्यांचीं नांवें त्यांत आहेत. कलकत्त्याचा एडवर्ड ब्लाइथ, मद्रासचा वॉल्टर एलियट, इराणांतील चार्लस मरे, मलायी द्वीपसमूहांत हिंडणारा वॉलेस हे त्यांत येतात. मागणी त्या काळीं चमत्कारिकच होती. संग्राहक धांवत ते रानांतील दुर्मिळ पक्ष्यांमागें. बाजारांतल्या खुराड्यांतील कबुतराची मातब्बरी कोणास वाटणार? परंतु मनुष्याच्या निवडीनें एकाच कुळांत किती भेद पडतात हें डार्विनला दाखवावयाचें होतें, आणि त्यासाठीं दूरदेशीं पुष्कळ पिढ्या जोपासलेलीं कुळेंच त्याला हवीं होतीं.

एलियट हें नांव आमच्या वाचकांस नवें नाहीं. चालुक्यांचे लेख जमविणारा, अमरावतीचीं शिल्पें उकरणारा, दक्षिणेंतील नाण्यांवर ग्रंथ लिहिणारा तो हाच. इ. स. १८२४ च्या कित्तूरच्या उठावांत जे दोन इंग्रज अधिकारी राणी चन्नम्मेच्या कैदेंत पडले त्यांपैकीं हा एक. शिलालेखांचे ठसे आणि उंदरांचीं कातडीं एकाच हौसेनें गोळा करणारा हा मनुष्य इ. स. १८५६ मध्यें मद्रासच्या गव्हर्नराच्या मंडळाचा सभासद होता. २३ जानेवारी १८५६ रोजीं डार्विननें त्याला लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. ग्लासगो येथील भेटीची आठवण देऊन त्यांत कबुतरांच्या कातड्यांची विनंती केली आहे. तिचें फळहि मिळालें, कारण इ. स. १८५९ च्या ग्रंथांत डार्विननें हिंदुस्थानांतून एलियटनें व इराणांतून मरेनें कातडीं पाठविल्याचा नांवानिशीं उल्लेख केला आहे.

आतां या कागदांच्या जतनाविषयीं. इ. स. १८६२ च्या सुमारापर्यंत डार्विन आलेलीं पत्रें तारेंत ओवून ठेवी, आणि तार भरली म्हणजे जाळून टाकी, असें त्याच्या मुलानेंच नमूद केलें आहे. जीं राहिलीं त्यांतील कित्येकांचे त्यानें कात्रीनें तुकडे केले आणि ज्या त्या विषयाच्या पुडक्यांत घातले. ब्लाइथचीं लांबलचक पत्रें वांचलीं तीं पत्रें म्हणून नव्हेत, तर टिपणें म्हणून. आणि त्यांच्या उत्तरादाखल डार्विननें कलकत्त्यास धाडलेलीं पत्रें बहुतेक नाहींशीं झालीं आहेत. म्हणजे ब्लाइथच्या बाबतींत उत्तर आहे, प्रश्न नाहीं. एलियटच्या बाबतींत प्रश्न आहे, उत्तर नाहीं. वाण्याच्या दुकानांतून पुड्यांचे कागद सोडविणाऱ्या आमच्या संशोधकांस ही अवस्था परिचयाची आहे. तुकडे जुळवून, मित्या लावून हे कागद उभे करण्यांत संपादकांनीं घेतलेले श्रम खरोखर अनुकरणीय होत.

या साधनांचा पहिला उपयोग एका जुन्या वादाचा निकाल लावण्यास होतो. लॉरेन आइझली या अमेरिकन विद्वानानें इ. स. १९५९ मध्यें असा पक्ष मांडला कीं, निवडीची कल्पना डार्विननें ब्लाइथच्या इ. स. १८३५ च्या लेखावरून उचलली आणि त्याचें ऋण लपविलें. पण या पत्रांतील ब्लाइथ नागविलेला दिसत नाहीं. तुटपुंज्या पगारावर एशियाटिक सोसायटीचें संग्रहालय इ. स. १८४१ पासून संभाळणारा हा मनुष्य आपल्याजवळचें सर्व ज्ञान डार्विनपुढें हात न आंखडतां ओततो. ८ डिसेंबर १८५५ च्या पत्रांत तर वॉलेसच्या नव्या निबंधाकडे तोच डार्विनचें लक्ष वेधतो. शिवाय त्याच्या जुन्या लेखांतील निवड ही जातीचें मूळ रूप टिकवून धरणारी आहे, जाति पालटणारी नव्हे. उलट डार्विननें आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणांत ब्लाइथच्या मताचा मोठ्या आदरानें निर्देश केला आहे. आइझलीचा पक्ष मूळ कागदांपुढें टिकत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

परंतु ऋणाचा प्रश्न येथें संपत नाहीं. आमच्या दृष्टीनें तो येथें सुरू होतो. ब्लाइथनें आणि एलियटनें जें दिलें, तें त्यांना कोणीं दिलें? कबुतरांच्या या सबंध प्रकरणांत एकाहि हिंदी मनुष्याचें पत्र आमच्या दृष्टीस पडलें नाहीं. पक्षी कोणाच्या कबुतरखान्यांतून आले, कोणीं सोलले, कोणीं भरले, याचा पत्ता लागत नाहीं. यावरून हिंदी लोकांचा त्यांत भाग नव्हता असें कोणी म्हणेल तर तें तर्कदुष्ट होईल. मीमांसकांनीं अनुपलब्धि हें प्रमाण मानलें आहे खरें. पण वस्तु असती तर दिसलीच असती, अशा ठिकाणींच तें लागू पडतें. जेथें लिहिणाऱ्यास नांव टिपण्याची गरजच वाटली नाहीं, तेथें नांवाचा अभाव मनुष्याचा अभाव सिद्ध करीत नाहीं.

सुदैवानें एक नांव राहिलें आहे, आणि तें पत्रांत नव्हे, ग्रंथांत. इ. स. १८६८ मध्यें निघालेल्या पाळीव प्राण्यांवरील ग्रंथांत डार्विन एका फारसी कपोतग्रंथाचा आधार घेतो. त्याचें भाषांतर एलियटनें पाठविलें. ग्रंथकाराचें नांव ‘सय्यद महंमद मुसारी’ असें छापलें असून त्याच्याशीं इ. स. १७७० हें साल जोडलें आहे. ‘मुसारी’ हें रूप आम्हांस संशयास्पद वाटतें. मूळ ‘मूसवी’ असावें. फारसी लिपींत वाव आणि रे यांचा घोटाळा होणें अगदीं सोपें आहे. हें अनुमान ग्राह्य असो वा नसो, आईने अकबरीच्या जोडीला हा दुसरा हिंदुस्थानी आधार डार्विननें प्रामाणिकपणें नांवानिशीं दिला, हें त्यास भूषणावह आहे. भाषांतर करणारा मुनशी मात्र निनांवीच राहिला.

दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. दक्षिण महाराष्ट्रांतील सस्तन प्राण्यांची यादी एलियटनें इ. स. १८३९ मध्यें मद्रासच्या नियतकालिकांत छापली. तींत देशी नांवें काळजीपूर्वक दिलीं आहेत, आणि बिळें खणून उंदीर व त्यांनीं सांठविलेलें धान्य काढणाऱ्या वडारांचाहि उल्लेख आहे. शेतांतल्या एका मऊ केसांच्या उंदरास वडार ‘मेत्तड’ म्हणत. लंडनच्या ग्रे या शास्त्रज्ञानें इ. स. १८३७ मध्यें त्या प्राण्याचें लॅटिन नांव ठरविलें, तें ‘मेल्टाडा’. हस्तलिखितांतील जोड ‘ट’पैकीं पहिला ‘ल’ वाचला गेला असावा, असा आमचा तर्क आहे. कसेंहि असो, आज जगांतील प्रत्येक संग्रहालयांत त्या उंदराच्या चिठ्ठीवर वडारांचा शब्द आहे. ज्या वडारानें तो उच्चारला त्याचें नांव मात्र कोठेंच नाहीं.

संग्रहाच्या रचनेंत मुळांतच एक मर्यादा आहे, ती येथें सांगणें प्राप्त आहे. तो एका पुरुषाभोवतीं रचलेला आहे. त्यास आलेलीं आणि त्यानें लिहिलेलीं तेवढींच पत्रें त्यांत यावयाचीं. एका सरदाराच्या दप्तरावरून सबंध मोहिमेचा इतिहास लिहिला तर शिलेदार दिसतील, बारगीर दिसणार नाहींत. तसाच हा प्रकार. हा संपादकांचा दोष नव्हे. पण तेवढ्यावरच समाधान मानील त्या अभ्यासकाचा तो दोष होईल.

म्हणून या तीस खंडांची आम्ही मनःपूर्वक शिफारस करतों ती एक अट घालून. त्यांतील हिंदी प्रकरण पुरें करावयाचें तर दुसऱ्या बाजूचे कागद पाहिजेत: संग्रहालयांचे वेतनपट, फारसी कपोतग्रंथांच्या पोथ्या, संस्थानांतील शिकारखान्यांचे हिशेब. हे कागद मोडींत आहेत, फारसींत आहेत, आणि ते वाचणारे आपल्याकडेच निघावयाचे. केंब्रिजच्या संपादकांनीं आपल्या वांट्याचें काम अठ्ठावीस खंड बाकी असतां टाकून दिलें नाहीं. आपल्या वांट्याचा पहिला खंड अजून सुरूहि झालेला नाहीं.