पटावरचे शब्द आणि पटामागचे नियम

खेळाची समीक्षा म्हणजे नेमकी कशाची समीक्षा, हा प्रश्न मराठीत फारसा विचारला गेलेला नाही. नाटक, चित्र, चित्रपट यांच्या विवेचनाची परिभाषा आपल्याकडे घडली. पटावरचे खेळ मात्र लोकसाहित्याच्या संकलनात किंवा करमणुकीच्या सदरात राहिले. जर्मनीत समीक्षकांचे एक मंडळ १९७९ पासून 'श्पील देस यारेस' हा वर्षातील उत्कृष्ट खेळाचा पुरस्कार देते, आणि अशा खेळांचे हौशी खेळाडू आज पुण्या-मुंबईतही आहेत. या खेळाडूंसाठी जे लिहिले जाते त्याचा साचा ठरलेला असतो. खेळाडू किती लागतात, वेळ किती जातो, सोंगट्या कशा आहेत, नशिबाचा वाटा किती आणि कौशल्याचा किती, हे सांगायचे आणि शेवटी गुण द्यायचे. या लेखनाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे परीक्षण झाले, समीक्षा नव्हे. परीक्षण खेळ घ्यावा की नाही हे सांगते. खेळ काय म्हणतो, हा प्रश्न समीक्षेचा.

खेळ काही 'म्हणतो' असे मानले, तर ते म्हणणे कोठे असते? पटावरील चित्रांत आणि शब्दांत, हे सहज सुचणारे उत्तर अपुरे आहे. भाषेचे स्वरूप समजावताना सोस्यूरने बुद्धिबळाचा दृष्टान्त घेतला, तो येथे उपयोगी पडतो. मोहरी लाकडाची असोत वा हस्तिदंताची, व्यवस्थेत फरक पडत नाही; मोहऱ्यांची संख्या बदलली तर मात्र खेळाचे व्याकरणच बदलते. योहान हायझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात नियमांचे बंधन हे क्रीडेचे एक प्रमुख लक्षण मानले, तेही याच दिशेने जाणारे आहे. नियम हे खेळाचे केवळ वेष्टन नसून नियमांतच त्याचा आशय असतो, असे माझे प्रतिपादन आहे. ते एका परिचित उदाहरणावर तपासून पाहू.

मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो. या परंपरेचा ऐतिहासिक निर्णय हा स्वतंत्र विषय आहे. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ मध्ये भारतीय सापशिडीवर केलेल्या लेखनापासून या पटांचा पद्धतशीर अभ्यास होत आला आहे. जैन, वैष्णव आणि सूफी अशा निरनिराळ्या संप्रदायांचे पट उपलब्ध आहेत. घरांची संख्या आणि नावे त्यांत बदलतात. रचना मात्र समान आहे. घरांवर गुणदोषांची, लोकांची, अवस्थांची नावे असतात. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणाच्या घरातून साप खाली आणतो. पट हा अशा रीतीने नीतीचा कोशच असतो, आणि आजवर त्याचे वाचन प्रायः कोश म्हणूनच झाले आहे.

आता नियमाकडे पाहू. खेळाडू कवड्या किंवा फासा टाकतो आणि पडेल तितकी घरे चालतो. संपूर्ण खेळात त्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. दया हे घर त्याने निवडलेले नसते, क्रोध हे घर त्याला टाळता येत नाही. पटावरचे शब्द सांगतात, सत्कर्म कर म्हणजे वर जाशील; पटामागचा नियम सांगतो, करणे तुझ्या हाती नाही. हा विरोध केवळ शब्दांचे वाचन करणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. या विरोधाचे दोन अर्थ संभवतात. एक असा की, नीतीचा उपदेश आणि प्रारब्धाची कल्पना यांचा मेळ रचनाकाराला घालता आला नाही. दुसरा असा की, आपण केले या अहंकाराचेच विसर्जन खेळाडूकडून करवून घेणे हा या खेळाचा हेतू आहे. दान हातून पडते, पण ते हाताचे नसते. मला दुसरा अर्थ अधिक समर्पक वाटतो, कारण तो शब्द आणि नियम या दोहोंना सामावून घेतो.

वरंध घाटाच्या परिसरातील शिवथरघळीत 'दासबोधा'चे लेखन झाले, असे परंपरा मानते. वीस दशकांच्या आणि दोनशे समासांच्या या ग्रंथातही मूर्खाची, पढतमूर्खाची, त्रिगुणांची लक्षणे क्रमाने मांडलेली आहेत. गुणदोषांची अशी सूची करण्याची वृत्ती मोक्षपटाशी मिळतीजुळती आहे. पण रामदासांचा भर प्रयत्नावर आहे. लक्षणे ऐकून माणसाने अवगुण सोडावेत, हे तेथे गृहीत आहे. लक्षणांची सूची सारखी असूनही एके ठिकाणी श्रोता कर्ता ठरतो आणि दुसरीकडे तो नेला जातो. हा भेद सूचीच्या शब्दांत सापडत नाही. सूचीचा वापर ज्या नियमाने होतो त्या नियमात तो आहे.

हाच पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये गेला. अनेक पारंपरिक पटांत सापांची संख्या शिड्यांहून अधिक असते. तेथे ती पुढे समान झाली आणि हळूहळू घरांवरची नावेही गळाली. चालीचा नियम तोच राहिला, पण पतन आणि उन्नती यांचे प्रमाण पालटले. मोक्ष कठीण आहे, हे विधान पुसले गेले आणि उरली ती निव्वळ शर्यत. आज आपल्या मुलांच्या हाती असलेली सापशिडी ही आहे.

'व्यापार' या घरोघरी पोचलेल्या खेळाचा इतिहास याहून बोलका आहे. त्याचे मूळ असलेल्या 'मोनॉपॉली'ची (१९३५) पूर्वज म्हणजे एलिझाबेथ मॅगी यांची 'द लँडलॉर्ड्स गेम'. तिचे पेटंट १९०४ चे. जमिनीच्या मक्तेदारीविरुद्ध लिहिणाऱ्या हेन्री जॉर्ज यांच्या विचाराच्या प्रचारासाठी ती रचली होती. मॅगी यांनी पुढे एकाच पटाला दोन नियमावल्या जोडल्या. एकीत संपत्ती वाढली की सर्वांना लाभ होई, दुसरीत एकाच्या हाती सारे जाऊन इतरांचे दिवाळे निघे. बाजारात टिकली ती दुसरी. पट तोच असताना केवळ नियमांनी टीकेचे रूपांतर गौरवात झाले.

याउलट वाघबकरीच्या पटावर एकही शब्द नसतो. कोळशाने आखलेल्या रेघा आणि दोन तऱ्हेचे खडे एवढेच त्याचे साहित्य. दक्षिणेतील एका प्रचलित प्रकारात तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात. वाघ उडी घेऊन बकरी मारतो. बकरीला मारण्याचा अधिकारच नाही, तिने इतरांसह वाघाची वाट कोंडायची. दोन पक्षांना दोन निराळी व्याकरणे देणारा हा खेळ बळ आणि संख्या यांच्या संबंधाविषयी जे सांगतो, ते सांगायला त्याला नीतिवाक्याची गरज पडत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून रूढ झालेल्या भूमिकानाट्याच्या खेळांत नियम असले तरी कथा खेळाडू बोलता बोलता घडवतात. मग तेथे आशय नियमांत कसा? कोकणातील दशावताराचे उदाहरण येथे घ्यावे. लिखित संवाद नसताना तेथे नट आख्यानाच्या चौकटीत उत्स्फूर्त बोलतो. चौकट बदलली की बोलण्याची शक्यताही बदलते. काय बोलले जाईल हे नियम ठरवीत नसले, तरी काय बोलता येईल हे तेच ठरवतात. समीक्षकाला त्यामुळे नियमावली वाचून थांबता येत नाही, प्रत्यक्ष खेळही पाहावा लागतो. माझे प्रतिपादन एवढ्या मर्यादेसह स्वीकारावे.

शेवटी प्रश्न मूल्यमापनाच्या निकषाचा आहे. खेळाडूला निवडीला वाव नाही, सारे दैवावर, म्हणून खेळ हलका, हा आजच्या परीक्षणाचा जणू स्वयंसिद्ध नियम आहे. या मोजपट्टीने मोक्षपटाला शून्य गुण मिळतील. निवड करणारी व्यक्ती हीच केंद्रस्थानी असावी, ही एक विशिष्ट जीवनदृष्टी आहे. ती तपासल्याविना निकष म्हणून वापरली, की समीक्षक आपल्याच पटाचे वाचन करण्याचा अधिकार गमावून बसतो. दैव हा रचनेतला दोष आहे की रचनेचे विधान आहे, हे प्रत्येक खेळापुरते ठरवावे लागेल, आणि मराठीत खेळांची समीक्षा व्हायची असेल तर तिला याच निर्णयापासून आरंभ करावा लागेल.