जुन्या शास्त्रीय निबंधांचें प्रामाण्य: साइक्सच्या मत्स्यनिबंधाच्या निमित्तानें

जुने कागद व ग्रंथ जमविणाऱ्यांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो कीं, ज्या विद्येंत दर दहा-वीस वर्षांनीं जुनें मत मागें पडून नवें पुढें येतें, त्या विद्येंतील जुना निबंध कोणीं कशास जपावा? इतिहासाचें तसें नाहीं; तेथें कागद घडलेल्या गोष्टीच्या जितका निकटचा तितका मोलाचा, हें सर्वांस मान्य आहे. परंतु प्राणिशास्त्र, ज्योतिष, पदार्थविज्ञान यांतील शंभर-दोनशें वर्षांपूर्वींचा निबंध म्हणजे गतवर्षींचें पंचांग, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षितांचीही असते. आणि तरी आजचे शास्त्रीय निबंध उघडून पाहावे तों त्यांच्या तळटिपांत अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील लेखांचे हवाले ठायीं ठायीं आढळतात. हे हवाले कां दिले जातात, त्यांतील खरे कोणते व उपचाराचे कोणते, आणि जुन्या ग्रंथांच्या संग्राहकाशीं या गोष्टीचा संबंध काय, याचें परीक्षण करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

आमच्या मतें असे हवाले तीन जातींचे असतात. पहिला साक्षीचा, दुसरा हक्काचा व तिसरा नमस्काराचा. तिन्हींचें बाह्य रूप एकच. ग्रंथकाराचें नांव व सन. यामुळें वाचकास ते एकाच मोलाचे वाटतात, आणि घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे.

साक्षीच्या हवाल्याचें उदाहरण ज्योतिषांत उत्तम सांपडतें. १६९५ सालीं एडमंड हॅले यानें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्यें सीरियांतील पाल्मायरा नगरीच्या प्राचीन स्थितीविषयीं एक निबंध लिहिला. विषय सर्वस्वीं पुराणवस्तूंचा. परंतु अखेरीस त्यानें असें सुचविलें कीं, प्राचीन ग्रहणांच्या नोंदी ताडून पाहतां चंद्राची गति वाढत चालली असावी, आणि तिकडील जुन्या नगरांचे रेखांश नीट कळल्यास हें सिद्ध करितां येईल. पुढें १७४९ सालीं रिचर्ड डनथॉर्न यानें त्या वाढीचें गणित मांडलें. या शोधाची वाट अद्यापि चालूं आहे. २०१६ सालीं स्टीफन्सन, मॉरिसन व होहेनकर्क या त्रयीनें इ. स. पूर्वीं ७२० पासून इ. स. २०१५ पर्यंतच्या नोंदी एकत्र करून पृथ्वीच्या परिवलनाचें मापन प्रसिद्ध केलें. त्यांत बाबिलोनच्या मृत्तिकालेखांपासून चिनी, ग्रीक व अरब नोंदींपर्यंत सर्व साक्षी तपासल्या आहेत. दिवसाची लांबी शतकास सरासरीनें एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारें १.८ पट वाढत आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

येथें जुन्या नोंदीचा हवाला हा आदर नव्हे, गरज आहे. बाबिलोनच्या लेखनिकानें ओल्या मातीवर जें ग्रहण टिपलें तें पुन्हां कोणत्याही दुर्बिणींतून दिसावयाचें नाहीं. त्याचा ग्रहणाविषयींचा सिद्धांत चुकीचा असेल. त्याची साक्ष त्यामुळें खोटी होत नाहीं. मत जुनें होतें, पाहिलेली गोष्ट जुनी होत नाहीं. ऐतिहासिक कागदांत आपण लिहिणाराचा पक्षपात बाजूस सारून त्यानें दिलेली मिति व स्थळ घेतों, तोच हा न्याय.

दुसरी जात हक्काची. तिचें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हा मुंबईच्या फौजेंतील अंमलदार. १८२४ सालीं एल्फिन्स्टन यानें त्यास दख्खनची सांख्यिक माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमिलें. जमीन, लोकसंख्या व हवापाणी यांच्या नोंदींबरोबर त्यानें पशु, पक्षी व मासे यांचींही टिपणें केलीं, आणि स्वदेशीं परत गेल्यावर १८३८ सालीं लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढें दख्खनच्या माशांवर एक निबंध वाचला. त्यांत त्यानें पुष्कळ जाती प्रथमच वर्णिल्या. मुळा-मुठेच्या महसिरास त्यानें 'बार्बस खुद्री' असें नांव दिलें. दुसऱ्या एका माशास 'बार्बस मुसुल्ला', तिसऱ्यास 'बार्बस कोळुस'. यांतील दुसरीं पदें लॅटिन नव्हेत. नदीकांठीं ऐकलेलीं देशी नांवें त्यानें आपल्या कानास जशीं लागलीं तशीं लिहून लॅटिन नामावळींत बसविलीं. जगांतील कोणत्याही भाषेंत या माशांवर आज निबंध लिहिला गेला तरी हीं नांवें त्यांत येतात.

प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें १ जानेवारी १७५८ ही आरंभमर्यादा धरिली जाते, आणि त्यानंतर जें नांव यथाविधि प्रथम छापून प्रसिद्ध झालें असेल त्याचा हक्क सामान्यतः वरचढ ठरतो. इनामाच्या तंट्यांत पहिली सनद कोणाची हें पाहावें, तसाच हा प्रकार. आज 'टॉर खुद्री' या नांवापुढें साइक्सचें नांव व १८३९ हा सन कंसांत लिहितात. कंसाचा अर्थ असा कीं, जात साइक्सनें वर्णिली, परंतु तिला ज्या गणांत घातलें होतें तो गण पुढें बदलला. एवढासा कंस, पण त्यांत त्या नांवाचा सारा पूर्वेतिहास सांठविलेला आहे.

सन १८३९ कां, हेंही पाहण्यासारखें आहे. चित्रांसह संपूर्ण निबंध सोसायटीच्या 'ट्रान्झॅक्शन्स'च्या दुसऱ्या खंडांत १८४१ सालीं छापला गेला. परंतु त्याचा सारांश 'प्रोसीडिंग्ज'मध्यें आधींच निघाला होता. हक्क सारांशाचा, चित्र मात्र पूर्ण निबंधांत. म्हणजे एकाच लेखाच्या दोन प्रती ताडून पाहिल्यावांचून काम पुरें होत नाहीं. शिवाय मुखपृष्ठावरील साल म्हणजे प्रसिद्धीचें साल असें नसतें. म्हणूनच १८३० पासून १८५९ पर्यंतच्या 'प्रोसीडिंग्ज'चे छापील फर्मे कोणकोणत्या तारखेस हातीं आले, याची यादी सोसायटीस १८९३ सालीं मुद्दाम प्रसिद्ध करावी लागली. मितीच्या वादांत ज्यांचीं वर्षें गेलीं आहेत अशा आमच्या वाचकांस या खटाटोपाचें महत्त्व समजावून सांगणें नको.

आतां तिसऱ्या जातीकडे वळूं. नमस्काराचा हवाला म्हणजे मूळ लेख न उघडतां, मागच्यानें दिला म्हणून पुढच्यानें दिलेला हवाला. यांत वरकरणीं निरुपद्रवी शिष्टाचार दिसतो. परंतु त्याचें फळ काय होतें हें साइक्सच्याच निबंधानें दाखविलें आहे.

कावेरी नदींत पाठीवर कुबड असलेला एक प्रचंड महसीर असतो. गळाला लागलेल्या अशा एका माशाचें वजन १९४६ सालीं १२० पौंड भरल्याची नोंद आहे. विसाव्या शतकांत या माशास साइक्सचें 'मुसुल्ला' हें नांव लावण्याचा प्रघात पडला. साइक्सचे मासे दख्खनचे, हा मासा कावेरीचा. तरी नांव एकानें लाविलें, दुसऱ्यानें उचललें, आणि प्रत्येक ठिकाणीं साइक्सचा हवाला मानानें दिला गेला. साइक्सच्या पुष्कळ जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहींत. त्यामुळें त्याचें वर्णन व चित्र हाच काय तो अस्सल कागद. २०१३ व २०१४ या सालीं मार्कस नाइट व त्यांचे सहकारी यांनीं ही बाब पुन्हां मुळापासून तपासली, तेव्हां निष्पन्न झालें कीं, साइक्सचा मुसुल्ला हा महसीर नव्हेच. तो हिप्सेलोबार्बस या निराळ्या गणांतील मासा होय.

याप्रमाणें कावेरीचा हा विख्यात मासा एकाएकीं निनांवी झाला. ज्यास निश्चित शास्त्रीय नांव नाहीं त्याची संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत नोंद करणें दुर्घट. आणि मासा तर झपाट्यानें नाहींसा होत होता. त्यांत आणखी एक योग असा कीं, लोणावळ्यास कृत्रिम पैदास केलेलीं खुद्री महसिराचीं पिलें दूरदूरच्या नद्यांत सोडण्यांत आलीं, तीं कावेरींतही पोहोंचलीं, आणि तेथील मूळच्या माशाची जागा बळकावूं लागलीं. साइक्सच्या निबंधांतील दोन नांवें अशा रीतीनें कावेरीस गेलीं. एक माशासह, दुसरें माशावांचून. दोहोंपासून त्या कुबडाच्या महसिरास अपायच झाला. अखेर २०१८ सालीं पिंडर व त्यांचे सहकारी यांनीं, कावेरीच्याच खोऱ्यांतील पांबार नदींतून वर्णिलेल्या 'टॉर रेमादेवीआय' या जातीचाच तो आहे असें ठरविलें. आणि मगच तो आंतरराष्ट्रीय तांबड्या यादींत अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. जुना निबंध नीट वाचावा कीं न वाचावा हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा नाहीं, हें यावरून स्पष्ट होतें.

न वाचतां हवाले देण्याचा हा रोग कितपत पसरला आहे, याचा अजमास सिम्किन व रॉयचौधरी यांनीं २००३ सालीं एका चमत्कारिक युक्तीनें घेतला. एका नामांकित निबंधाचे सुमारें ४३०० हवाले त्यांनीं तपासले. त्यांपैकीं १९६ हवाल्यांत खंडाचा, पृष्ठाचा वा सनाचा आंकडा चुकलेला होता. परंतु निरनिराळ्या चुका पाहूं जातां त्या अवघ्या ४५ भरल्या, आणि एकच चूक तर ७८ ठिकाणीं जशीच्या तशी आढळली. इतक्या जणांच्या हातून स्वतंत्रपणें तीच चूक होणें असंभवनीय. म्हणून ती एकमेकांच्या यादींवरून उतरली असली पाहिजे. यावरून त्यांनीं अनुमान बसविलें कीं, हवाला देणारांपैकीं मूळ निबंध वाचणारे पांचांत एकच असावेत.

पोथ्यांचा वंशवृक्ष लावणारांस ही युक्ति मुळींच नवी वाटणार नाहीं. दोन प्रतींत एकच गाळलेली ओळ आढळली कीं त्या एकाच आदर्श प्रतीवरून उतरल्या, हें पाठचिकित्सेचें पहिलें सूत्र आहे. मात्र त्या विद्वानांच्या निष्कर्षास आम्ही एक मर्यादा घालूं इच्छितों. नक्कल केली म्हणजे वाचलें नाहींच, असें सिद्ध होत नाहीं. निबंध वाचूनही त्याचा पत्ता आळसानें दुसऱ्याच्या यादींतून उतरणारे लोक असतातच. म्हणून पांचांत एक हा आंकडा निश्चित माप न मानतां रोगाचें लक्षण मानावा. लक्षण मात्र खरें आहे.

येथें एक आक्षेप येईल कीं, प्रत्येकानें प्रत्येक जुना लेख मुळांतून वाचावा ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. तें आम्हांसही मान्य आहे. जें ज्ञान सर्वांच्या हाडीं मुरलें त्याचा हवाला कोणी देतही नाहीं; गुरुत्वाकर्षणाचा नियम लावतांना न्यूटनच्या ग्रंथाचें पृष्ठ कोण सांगतो? तेव्हां हवाला न देणें हा अपराध नव्हे, आणि पुष्कळ हवाले मिळणें हें थोरवीचें प्रमाणही नव्हे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जेथें हवाला द्यावयाचा तेथें मूळ पाहून द्यावा. तें शक्य नसल्यास 'अमुकांनीं दिल्यावरून' असें स्पष्ट म्हणावें. असें लिहिण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. कमीपणा आहे तो न पाहिलेल्या कागदाची साक्ष काढण्यांत.

पूर्वीं एक सबब होती कीं, जुने खंड मिळतात कोठें? ती आतां बहुतांशीं उरली नाहीं. निसर्गविद्येचे असंख्य जुने खंड छायाचित्रित होऊन कोणासही घरबसल्या वाचावयास मिळतात. यावरून कांहीं लोक असें काढतात कीं, मग मूळ छापील प्रती जपण्याचें कारण काय? हें मत आम्हांस धोक्याचें वाटतें. बांधणावळीच्या वेळीं सुट्या भागांचीं कागदी वेष्टनें फाडून टाकण्याचा सर्वत्र परिपाठ होता, आणि प्रसिद्धीची खरी तारीख पुष्कळदां त्या वेष्टनावरच असते. एका प्रतींत चित्रपत्र गळलेलें असतें, तें दुसरींत सांपडतें. कोणाच्या प्रतीवर ग्रंथकर्त्यानें स्वहस्तें दुरुस्ती केलेली असते. छायाचित्र एका प्रतीचें असतें. दुसरी प्रत नाहींशी झाल्यावर पहिलींत उणें काय होतें हें कळण्याचा मार्गच राहत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, बखरी व सनदांच्या बाडांशेजारीं अशा शास्त्रीय मासिकांचे सुटे अंक, वेष्टनांसह व चित्रांसह, जपून ठेवावे; बांधणीस देतांना कांहींही काढूं देऊं नये; आणि आपल्या प्रतींत काय आहे व काय नाहीं याची टीप प्रत्येक खंडास जोडावी. साइक्सची मतें आज कोणी पुसत नाहीं, परंतु मुळा-मुठेच्या कांठीं त्यानें पाहिलेला मासा व ऐकलेला शब्द यांवांचून आजच्या मत्स्यशास्त्राचें पान पुरें होत नाहीं. तो कागद उघडून वाचणारा एक जण निघाला म्हणून कावेरीच्या माशास चुकीच्या नांवांतून सोडवितां आलें. मानानें नुसता नमस्कार करून पुढें जाणारे शेंकडों होते. त्यांच्यानें तें झालें नाहीं.