हर्राशीचा ठेका, गल्लीचे गाणे

मराठी समीक्षेला रॅप ऐकू येत नाही. लावणी, पोवाडा, भारूड, भीमगीत, अलीकडे गझल, या सगळ्यांवर ग्रंथ झाले. पण आमच्या कळमन्यात हमालाचा पोरगा कट्ट्यांच्या थप्पीवर बसून मोबाइलवर जे गाणे दहा वेळा लावतो, त्याची दखल कोणत्याही वार्षिकात सापडत नाही. कारणे दोन सांगितली जातात. एक, या गाण्याची भाषा ना धड मराठी, ना हिंदी, ना उर्दू. दुसरे, त्यात शिवीगाळ फार. दोन्ही आक्षेप खोटे नाहीत, त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट आपण, म्हणजे या पानांचे वाचक आणि लेखक, मान्य करू या. गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्राच्या मातीतून जे रॅप उठले, त्यातली बरीच ठळक नावे मुस्लिम वस्त्यांतली आहेत. कुर्ल्याचा नावेद शेख म्हणजे नेझी. धारावीचा एमसी अल्ताफ. पुण्याच्या ताडीवाला रोडचा अल्ताफ शेख म्हणजे एमसी स्टॅन. मुस्लिम मराठी लेखकांच्या वार्षिकात त्यांच्याविषयी बोलायचे नाही, तर कुठे बोलायचे?

या गाण्याचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. ऑगस्ट १९७३ मध्ये कूल हर्क नावाच्या जमैकन पोराने बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्यांवर तालाचा एकच तुकडा लांबवत नेला, तिथून मोजणी धरतात. त्याच्या वर्षभर आधी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला होता. पँथरने नाव घेतले तेही अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीकडून. म्हणजे नाते नवे नाही, आपण विसरलो इतकेच. आणखी एक धागा आपल्या जवळचा आहे. अमेरिकन रॅपवर इस्लामची छाया पहिल्यापासून आहे. मॉस डेफ या गायकाचा १९९९ चा पहिला स्वतंत्र अल्बम बिस्मिल्लाहने सुरू होतो. रॅप म्हणजे दीनपासून पळालेल्या पोरांचा धंदा, असे मोहल्ल्यात म्हणणाऱ्या बुजुर्गांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आता ऐकण्याविषयी. रॅपला चाल नसते, नुसती बडबड असते, असे म्हणणाऱ्याने सकाळी कळमना यार्डात येऊन हर्रास ऐकावी. धान्याची असो की संत्र्याची, बोली पुकारणारा आकडा उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो. आकड्याच्या शेवटी श्वास घेत नाही, मध्येच कुठेतरी चोरून घेतो. समोरच्या अडत्याचे बोट हलले की आकड्याचा ठेका बदलतो. सूर जवळजवळ एकच, पण कान तिथून हटत नाही. रॅपची सगळी कारागिरी याच जागी आहे. सुराची चढउतार थोडी, शब्दाचा भार तालावर कुठे पडतो आणि कुठे मुद्दाम चुकवला जातो, यावर सारी मदार. गझलेत काफिया ओळीच्या शेवटाकडे रदीफ धरून उभा असतो. रॅपमध्ये तो ओळीच्या पोटात चार ठिकाणी सापडतो. ताजबागच्या उरुसात कव्वाल एकच मिसरा पुन्हा पुन्हा घेऊन त्याला मध्येच दुसऱ्या शेराची गिरह लावतो, तेही ऐकणाऱ्याला माहीत आहे. विदर्भातले कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब तर रॅपच्या ‘बॅटल’चे सख्खे चुलत भाऊ. समोरच्याला भर सभेत निरुत्तर करायचे, तेही यमकात! मग अडचण कसली आहे? अडचण सवयीची आहे.

नेझीपासून सुरुवात करणे न्यायाचे होईल. २०१४ च्या सुरुवातीला त्याचे ‘आफत’ आले. घरच्या आयपॅडवर ध्वनी धरलेला, त्याच आयपॅडवर गल्लीतच चित्रण केलेले. त्या गाण्यात कोणतीही मोठी तक्रार नाही, ‘अन्याय’ हा शब्द नाही. एक पोरगा स्वतःलाच आफत म्हणवून घेतो आणि इतक्या मजेने म्हणवून घेतो की ऐकणारा त्याच्या बाजूला जातो. ज्या पोराकडे पाहताना जग आधीच ‘ही आफत’ म्हणते, त्याने तोच शब्द उचलून टोपीसारखा डोक्यावर घालायचा, ही खरी कवीची चाल आहे. पुढच्या वर्षी डिव्हाइनबरोबरचे ‘मेरे गली में’ आले आणि या गाण्याला ‘गली रॅप’ हे नाव चिकटले. मला मात्र ‘आफत’ जास्त मोलाचे वाटते. ‘मेरे गली में’ बाहेरच्याला गल्ली दाखवते. ‘आफत’ गल्लीशी बोलते.

या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ २०१९ मध्ये आला. नायकाचे नाव मुराद अहमद, घर धारावीत. चित्रपट मला आवडला, तरी एक बोच राहिली. मुरादचे घर मुस्लिम, बापाची दुसरी बायको मुस्लिम, प्रेयसीचा हिजाब मुस्लिम. पण त्याची गाणी सुरू झाली की तो नुसता ‘गरीब’ होतो. घोषणेवर उभे राहिलेले ‘आझादी’ हे गाणे त्याचे ठळक उदाहरण. डब शर्मा याने २०१६ मध्ये दिल्लीच्या विद्यापीठातल्या घोषणांवर बांधलेल्या मूळ रचनेत जातिव्यवस्थेविरुद्धचा आणि राजकारणाचा रोख होता. चित्रपटात येताना तो गळला, गरिबी तेवढी उरली. गरिबीविरुद्ध कोणाचेच भांडण नसते, म्हणून ती चालते.

एमसी स्टॅनविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण कळमन्यात सर्वांत जास्त वाजतो तो. त्याचा चाहता म्हणूनच लिहितो, आंधळा चाहता म्हणून नव्हे. २०२० च्या त्याच्या अल्बमचे नाव ‘तडीपार’. हा शब्द शायरीचा नाही, पोलीस ठाण्याचा आहे. १९५१ च्या पोलीस कायद्याने जिल्ह्याच्या हद्दीबाहेर घालवलेला माणूस तो तडीपार. आपल्या वस्त्यांत हा शब्द पोरांना पहाड्यासारखा पाठ असतो. अल्बमच्या कपाळावर हा शब्द लिहिणे म्हणजे कुठून आलो ते एका शब्दात सांगणे. त्याआधी २०१९ मध्ये त्याचे ‘अस्तग़फ़िरुल्लाह’ येऊन गेले होते. तौबेचा शब्द शीर्षकात घेऊन त्याने आपल्या जगण्याचा झाडा दिला. लहानपणी कव्वाली गायलो, असे तो सांगतो आणि त्याच्या आवाजात ते कळतेही. यंत्राने सूर ताणून घेण्याची जी ऑटोट्यूनची युक्ती आहे, ती बाकीचे बेसूरपणा लपवायला वापरतात. स्टॅन ती रडवेल्या स्वराला धार लावायला वापरतो. त्या ताणलेल्या आवाजाखाली कव्वालाची पुकार ऐकू येते.

भाषेचा आक्षेप इथेच निकालात काढू. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’चा सोळावा हंगाम जिंकला आणि त्या काळात देशभरच्या हिंदी प्रेक्षकांच्या तोंडी एक शब्द बसला : ‘शेमडी’. शेंबडी! शुद्ध मराठी शब्द, पुण्याच्या गल्लीतला, आणि तो हिंदी मुलखात नेला एका शेख आडनावाच्या पोराने. मुस्लिमांची मराठी कुठे आहे, असे विचारणाऱ्यांना आपण संमेलनांतून पुरावे देत आलो. शेख महंमदांचे ‘योगसंग्राम’ दाखवले, सगनभाऊंची लावणी दाखवली. हाही पुरावाच आहे, नाक मुरडण्यासारखा असला तरी.

आता दुसरा आक्षेप, आणि इथे मी स्टॅनची वकिली करणार नाही. त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या गाण्यांतली बाई एक तर आई असते किंवा धोका देणारी. तिसरी बाई नाही. आईच्या पायाखाली जन्नत आणि बाकीच्या बायांना शिवी, हा हिशेब आपल्या मोहल्ल्यांत आधीपासून आहे. रॅपने तो ताल देऊन पक्का केला. ‘वास्तव तसेच आहे’ हे उत्तर मला पटत नाही. यार्डात मिरची निवडणाऱ्या बायाही वास्तवच आहेत, त्या गाण्यात का येत नाहीत? आणि गळ्यातला हार, पायातल्या महागड्या जोड्याची किंमत, हे ज्याने कधी नवे जोडे पाहिले नाहीत त्याच्या तोंडी पहिल्यांदा शोभते. पाचव्यांदा तो दुकानदाराचा माल होतो.

तुलनेला गोवंडीची सानिया एमक्यू घ्या. रिक्षाचालकाची मुलगी, शाळकरी वयात हिजाबात उभी राहून रॅप करू लागली. तिच्या ओळी अजून कच्च्या आहेत, यमक कधी ओढूनताणून येते. पण ती वस्तीबद्दल बोलते तेव्हा वस्तीत बायाही राहतात हे कळते, आणि एकही शिवी न देता कळते. एवढे मोठमोठ्यांना जमलेले नाही.

शाहीर अमर शेखांची इथे आठवण होणे अटळ आहे. जन्म १९१६, बार्शीचा. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखांच्या सभा त्या आवाजाने धरून ठेवल्या. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे संग्रह आज किती जण वाचतात, हा प्रश्न वेगळा. त्यांनीही नाव बदलले होते, पण ‘शेख’ ठेवले. नावेदचा नेझी झाला, अल्ताफचा स्टॅन. दोन्ही नावांवरून घर ओळखू येत नाही. याला भीती म्हणावे की फॅशन? मला वाटते, थोडी सोय. श्रोता आधी गाणे ऐकतो, मग नाव विचारतो. अमर शेखांच्या काळात उलटे चालत होते आणि चालूनही जात होते. त्या सभेत कोणी त्यांना ‘तुमची मराठी चांगली आहे’ असे कौतुकाने म्हटले असेल, असे वाटत नाही. आज ते वाक्य आपल्याला दर कार्यक्रमात ऐकावे लागते.

शाहिराची ती जागा मराठी रॅपने भरली आहे का? काही ठिकाणी, हो. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने २०१९ मध्ये आरेतले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केले, त्याच वर्षी आरेत झाडे पडली. गाणे झाडे वाचवू शकले नाही. पण ज्याची जमीन त्याचाच आवाज गाण्यात, हे नेहमी घडत नाही. त्याच गटातला टोड फोड हा गुणी पोरगा २०२२ मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोघांवर राजकीय रॅपसाठी गुन्हे दाखल झाले. ती गाणी रचना म्हणून साधी आहेत. पण सरकारला जे कळले ते समीक्षेला कळले नाही, की हा पोवाड्याचाच वंश आहे. आणि अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऊर्फ ‘१००आरबीएच’ : आंबेडकरी वस्तीतून आलेला, टीव्हीवरच्या रॅपच्या स्पर्धेत आपली वऱ्हाडी ढब न पुसता उभा राहिलेला. त्याचे शब्द जड असतात, पण तोल जात नाही. माझ्या मते शब्दाच्या ताकदीत तो आज स्टॅनच्या पुढे आहे. लोकप्रियतेचे गणित निराळे.

‘इंडी’ म्हणवणाऱ्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. गिटारवर हळुवार इंग्रजाळ हिंदीत उदास होणारी मुले यार्डात कोणी ऐकत नाही, आणि त्यात यार्डाचे नुकसान नाही. जळगावकडच्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ किंवा क्रेटेक्स-श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’, दोन्ही २०२४ ची, नाचायला उत्तम. मराठी शब्द परदेशी तालावर बसतो एवढे त्यांनी सिद्ध केले, तेही कमी नाही. मात्र ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र, हे आता नावापुरते. २०१९ मध्ये मास अपील ही अमेरिकन कंपनी युनिव्हर्सलच्या हाताने इथे आली आणि तिचा पहिला गायक डिव्हाइन होता. अडत्या बदलला, अडत राहिली.

राहता राहिले आमचे नागपूर. पारडी, शांतीनगर, मोमिनपुरा, कामठी, सगळीकडे पोरे रॅप करतात. इंटरनेटवरून फुकटचा तयार ताल उतरवायचा, रजईखाली मोबाइल धरून आवाज भरायचा, मित्राच्या लॅपटॉपवर जुळवायचे. मेहनत खरी आहे. पण माइकसमोर आली की ही पोरे एकदम कुर्ल्याची होतात. ‘काहून बे’ म्हणणारा पोरगा ‘भिडू’ म्हणू लागतो. कामठीच्या विणकरांच्या घरातली पूरबी उर्दू, कळमन्यातली छत्तीसगढी हमालांची बोली, झाडीपट्टीकडून आलेली मराठी, या तिन्हींच्या घुसळणीतून जी नागपुरी तयार झाली, तिच्यात केवढा ठेका आहे! तो हर्राशीत ऐकू येतो, पानठेल्यावरच्या भांडणात ऐकू येतो. गाण्यातच येत नाही.

१७ मार्च २०२५ ला महालात दंगल उसळली. शांतीनगर, यशोधरानगर, लकडगंज धरून अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्या दिवसांवरचे गाणे मला हवे आहे. घोषणा नको, अमन-भाईचाऱ्याचे सरकारी गीतही नको. संचारबंदीत दूध कसे आणले, शेजारच्या काकूंनी खिडकीतून काय विचारले, रोजे कसे उघडले, यार्डात माल घेऊन निघालेल्या मेटाडोरवाल्याला नाक्यावर नाव विचारल्यावर त्याने कोणते सांगितले. एवढे तपशील, आपल्याच बोलीत, तालावर. पारडीतल्या एका पोराला मी हे बोललो. तो म्हणाला, चाचा, ते टाकले तर उद्या घरी कोण येईल, तुम्ही सांगा.