रेणू सापडला म्हणजे जीव सापडला का?

आता एप्रिल २०२५ मधल्या त्या गाजलेल्या बातमीकडे येऊ. १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसतात, असं केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून मांडलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून येतो. झालं, जीवसृष्टीचे मथळे झळकले.

निरीक्षण अवघड होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण खात्री होती तीन सिग्मांची, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता हजारात साधारण तीन. शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात. शिवाय इतरांनी जास्त रेणू तपासले, तेव्हा दुसरे रेणूही तितकेच चपखल बसले.

मला मोठा वाटतो तो पुढचा आक्षेप. हाच रेणू रोझेटा यानाच्या मोजमापांत ६७पी या धूमकेतूवरही सापडलाय. आता तिथे कुठला समुद्र आणि कुठले जीव? म्हणजे बघा, उद्या पाच सिग्मा मिळाले तरी सिद्ध होईल तो रेणू. जीवापर्यंतची पायरी वेगळीच आहे, आणि ती अजून कुणीच चढलेलं नाही.